पानं आल्यावरची रेंज

आमच्या आरोग्य केंद्रात बदलून आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दोन दिवसांत एक प्रश्न विचारतो. राहायला खोली कुठे मिळेल, हा नव्हे. तो तिसऱ्या दिवशी येतो. पहिला प्रश्न असतो, "मॅडम, इकडे कोणतं सिम घेऊ?" मी उलट विचारते, "तुम्ही झोपणार कुठे, जाणार कोणत्या गावांना, आणि पावसाळ्यात इथे असणार का?" समोरच्याला वाटतं, बाई तुसडी आहे. ते अगदीच खोटं नाही. पण हे प्रश्न माझे नाहीत. ते आमच्याकडच्या एका आरोग्यसेवकाचे आहेत, आणि ते शिकायला मला फार वेळ लागला.

त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही. हिवतापाचे रक्तनमुने गोळा करणं हे त्यांचं काम. वाट्याला अठरा गावं, काही मोटारसायकलनं, बरीचशी पायी. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, नाव लिहायचं आणि पुढचं गाव गाठायचं. घर बल्लारपूरला, बायको-मुलं तिकडेच. उंच, वाळका माणूस, डोक्याला कायम पांढरा दुपट्टा. छातीवर आडवी खाकी कापडाची पट्टी, तिला स्वतःच्या हातानं शिवलेले चार खिसे आणि चार खिशांत चार बटणांचे फोन. लांबून ते जंगल खात्याचे वाटत, जवळून सर्कशीतले.

चार फोन बाळगणारा हा माणूस फोनवर जवळपास बोलतच नसे. रविवारी सकाळी बल्लारपूरला एक फोन. "हो. हो. बरं. ठेवतो." संपलं. बाकीचा आठवडा ते स्वतःलाच फोन करत. गावात पोचले की एका फोनवरून दुसरा लावायचा, दोन कानांना दोन धरायचे, उजवीकडे विचारायचं, "आवाज येते का?" आणि डावीकडे उत्तर द्यायचं, "येते." मग हेच बसून. मग गोठ्यात. मग कोणाच्या तरी घरात शिरून चुलीपाशी.

मी ब्रह्मपुरीहून नर्स म्हणून नवीन आले होते तेव्हा हा प्रकार पाहिला आणि आमच्या लिपिकाला हळूच विचारलं, "हे बरे आहेत ना?"

"कामाले बरे आहेत," तो म्हणाला. "बाकीचं आमी पाहत नाई."

चुलीपाशी कशाला जाता, असं मी एकदा भाऊंनाच विचारलं. ते म्हणाले, "पाटलाच्या ओट्यावर रेंज कोणालेबी येते, बाई. बाळंतीण ओट्यावर बसते का?"

कंपन्यांची नावं ते घेत नसत. त्यांच्या लेखी कंपन्या नव्हत्याच, टॉवर होते. आमच्या भागात तीन. एक टेकडीवाला, एक बाजारवाला आणि एक प्राणहितेच्या पल्याडचा. हा तिसरा लागला की फोनमधली बाई तेलुगूत बोलायची. टेकडीवाल्याची रेंज लांब जाते पण लाईट गेली की दोन तासांत त्याची बॅटरी बसते. बाजारवाल्याकडे जनरेटर आहे. डिझेल आहे की नाही ते तिथल्या राखणदाराला विचारावं लागतं. पल्याडचा नदीकाठच्या चार गावांपुरता खरा, पण तिकडची लाईट वेगळी, त्यामुळे इकडचे दोन्ही मेले की तोच जिवंत. हे सगळं त्यांनी वहीत लिहिलेलं असे: गाव, जागा, महिना, टॉवर. चांगली रेंज, वाईट रेंज असे शब्द त्या वहीत कुठेच नव्हते. "कुठी, कवा, उभ्यानं का बसून" एवढंच.

आठवडी बाजारात छत्री लावून सिम विकणारा एक माणूस येई. तो ओरडायचा, "फुल रेंज, सगळीकडं फुल रेंज." भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सगळीकडं म्हणजे कुठी?"

"सगळीकडं म्हणजे सगळीकडं, काका."

"मले गावाचं नाव सांग ना गा."

त्यानं एका गावाचं नाव घेतलं. भाऊंनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं, अकरा किलोमीटरवरच्या त्या गावात नेलं आणि एका घरात चुलीपाशी उभं केलं. घरची म्हातारी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ह्यो कोन नवा आणला, भाऊ?" सिमवाल्याच्या फोनवर एक दांडी आली, गेली, आली. भाऊंनी त्याला परत बाजारात आणून सोडलं. पुढच्या बाजारी तो माणूस छत्रीखाली बसून गिऱ्हाइकाला विचारत होता, "गाव कोणतं आहे तुमचं?"

रेंज सापडली त्या जागी भाऊ चुन्याची फुली मारत. शाळेच्या भिंतीवर, धोंड्यावर, मोहाच्या खोडावर. एके दिवशी वनरक्षक दोन माणसं घेऊन दवाखान्यात आला. झाडांवर खुणा कोणी केल्या? आमच्याकडे झाडावर खूण म्हणजे ते झाड तोडायला काढलं, असाच अर्थ होतो. तीन गावांतल्या लोकांनी खात्याकडे जाऊन विचारलं होतं की आमचे मोहाचे झाडं कोणाले विकले. ग्रामसभा बोलवायची तयारी झाली होती. भाऊंनी वनरक्षकाला प्रत्येक फुलीपाशी नेलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या बायकोला फोन लावून दिला. सातव्या झाडाला ती म्हणाली, "आता काय झालं, काऊन सारखा फोन करून राह्यले?" वनरक्षकानं अहवालात काय लिहिलं ठाऊक नाही. फुल्या राहिल्या.

हे सगळं मला गमतीचं वाटे. आणि गंमत वाटली की माणूस ऐकत नाही, हे माझ्या बाबतीत खरं ठरलं.

त्या वर्षी जिल्ह्याहून पत्र आलं. सगळ्या आशांना कार्यालयाकडून सिम मिळणार. आशा म्हणजे गावातलीच बाई, गरोदर बायका आणि लहान मुलांवर लक्ष ठेवणारी. तिचा फोन लागला तरच आमची गाडी निघते. सगळ्यांना एकाच कंपनीचं सिम द्यायचं होतं आणि कोणतं ते प्रत्येक केंद्रानं कळवायचं होतं. फॉर्मवर एका नावाची जागा. काम माझ्याकडे आलं. मी जीप घेतली, तीन कंपन्यांचे तीन फोन घेतले आणि दोन दिवसांत अठरा गावं फिरले. टेकडीवाला टॉवर सोळा गावांत लागला. त्याच्या कंपनीचं नाव फॉर्मवर लिहिलं. अठरातली सोळा, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

भाऊ वही घेऊन आले. "बाई, हे वैशाखातलं आहे."

"मग?"

"आता सागाले पान नाई. पोळ्यापर्यंत एकेक पान सुपाएवढं होते. त्याच्यावर पाणी बसते. टेकडीवाला त्या सागातून येते. सागाच्या मागच्या पाच गावाले तो पावसाळ्यात पोचतच नाई. तिथी बाजारवाला द्या. तो तलावावरून येते, पाण्यावर झाड नाई."

"फॉर्मवर एकच नाव आहे, भाऊ."

"मंग फॉर्म वापस करा."

मी फॉर्म पाठवून दिला. वर्षानुवर्षं सरकारी कागद भरलेल्या बाईला फॉर्म वापस करा म्हणणारा माणूस कसा वाटेल, तसेच ते मला वाटले.

त्या मागच्या पाच गावांपैकी एकात एक बाई गरोदर होती. दुसरी खेप. पहिलं मूल घरीच झालं होतं आणि जगलं नव्हतं. अंगात रक्त कमी. पोळ्याच्या आसपासची तारीख होती. मी तिला आठ दिवस आधी दवाखान्यात येऊन राहा म्हटलं. तिची सासू म्हणाली, "धानाची रोवणी राहील तवा मॅडम, ती तिथी बसून काय करंल?" त्या गावाला यायला वाटेत नाला. म्हणून मी त्या गावच्या आशाशी ठरवून घेतलं. रोज सकाळी आठला मला एक मिस्ड कॉल. म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन आले की गाडी निघेल.

जूनभर कॉल आले. जुलैत एक दिवस यायचा, दोन दिवस नाही. महिन्याच्या बैठकीत मी आशाला वीस बायकांसमोर उभं केलं.

"मिनं लावला मॅडम," ती म्हणाली. "तुमच्याकडं वाजला नाई तं मी काय करू?"

"बाकीच्यांचे वाजतात. तुमचाच कसा वाजत नाही?"

मागच्या बाकावरून भाऊ म्हणाले, "पानं आली, बाई."

बायका हसल्या. मीही हसले. ती आशा खाली मान घालून बसली. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठच्या ठोक्याला तिचा कॉल येऊ लागला. एकही दिवस चुकला नाही. बोलल्याशिवाय कामं होत नाहीत, असं मी त्या आठवड्यात दोघा-तिघांना ऐकवलंही.

दहाएक दिवसांनी भाऊ नमुने घेऊन परत आले. काचपट्ट्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "ती टेकाडावरून लावते फोन. गावातून नाई. काल मिनं पाह्यलं, छत्री घेऊन उभी होती. घरून अर्ध्या तासाची चढ आहे."

"कुठून का लावेना. मला रोज येतोय ना?"

"येते," ते म्हणाले. उरलेल्या काचपट्ट्या मांडल्या आणि गेले.

पोळ्याच्या तोंडावर एका सकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले, कॉल आला नाही. माझ्या डोक्यात होतं, पाऊस आहे, येईल. आमची एकच गाडी. तिच्यात लसीचे डबे चढत होते. तीन गावांत बायका लेकरं घेऊन बसलेल्या असणार. भाऊ आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

"गाडी तिकडं पाठवा."

"फोन आला नाही, भाऊ. आल्यावर पाठवायची असं ठरलंय."

"ती रोज चढते. आज चढली नाई. काऊन नाई चढली?"

"पाऊस असेल. ताप असेल तिला."

"पावसात चढते. तापात कोनाले तरी पाठवंल. ती त्या बाईपासून उठू शकत नसंल, तवाच हे होते."

आता हे वाचताना कोणालाही पटेल. मलाही पटण्यासारखं होतं. पण गाडीभर डबे होते, ड्रायव्हर चावी लावून बसला होता, आणि फोन न येणं हे गाडी पाठवायचं कारण आम्ही कधी धरलं नव्हतं. मी म्हटलं, "दहापर्यंत वाट पाहू." सव्वानऊला गाडी लसीकरणाला गेली.

भाऊ ओसरीतल्या बाकावर बसले. चारही फोन मांडीवर. आशाचा नंबर, तिच्या नवऱ्याचा, तिथल्या शाळेतल्या मास्तरांचा, पुन्हा आशाचा. एक लागेना. ते एक बंद करून दुसरा उचलत होते आणि माझ्याकडे पाहतही नव्हते. दहाला पाच मिनिटं कमी असताना मी बाहेर आले आणि म्हटलं, "गाडी बोलवा."

"आता नाई लागत," ते म्हणाले. "तो उतारावर असंल. दहा मिनिटानं शाळेपाशी येते, तिथी लागंल." आणि बरोबर दहा मिनिटांनी लागला. साडेदहाला आम्ही निघालो. मी मागे, भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ.

नाल्याच्या पलीकडे ते लोक होते. बाजेवर ती गरोदर बाई, डोक्यावर मेणकापड धरून चार माणसं, आणि बाजेचा पाय धरून ती आशा. पहाटेपासून कळा येत होत्या. आशा तिला सोडून टेकाडावर जाऊ शकली नव्हती. त्या बाईच्या दिराला फोन देऊन पाठवलं, त्याला कुठल्या दगडावर उभं राहायचं ते समजलं नाही. शेवटी बाज उचलून निघाले, ते नाल्यापाशी येऊन तासभर बसले होते. पाणी मांडीपर्यंत उतरलं तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी दोघांनी पुढे होऊन बाज खांद्यावर घेतली आणि अलीकडे आणली. गाडी दोन किलोमीटर गेली आणि मी थांबवायला सांगितली. मुलगी झाली. रडली नाही. मी जे करायचं ते केलं, तिच्या नाका-तोंडावर मास्क लावला, हवेची पिशवी दाबत राहिले. मग रडली. आईचं रक्त थांबेना, म्हणून तशीच गाडी जिल्ह्याला पळवली. आई वाचली. मुलगीही.

संध्याकाळी मी आशाला विचारलं, "टेकाडावर चढते हे मला का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुमी बोलल्या होत्या ना मॅडम. मंग चढत होती."

त्या दिवसानंतर आमच्या केंद्रात नियम उलटा झाला. तारीख जवळ आलेल्या बाईच्या गावातून आठचा कॉल आला नाही, तर गाडी निघते. कोणी विचारायचं नाही. अर्ध्या वेळेला ती फुकट जाते, जाऊ दे. फॉर्मही मी परत मागवला आणि त्यावर दोन नावं लिहिली. "एकच नाव कळवावे" असं उत्तर आलं. पुन्हा दोन लिहिली. तिसऱ्या वेळी स्वतः जाऊन त्या टेबलासमोर बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, पानांचं कारण मी वर काय सांगू?" मी म्हटलं, "पोळ्याला या, दाखवते." ते आले नाहीत, पण मागच्या पाच गावांना दुसरं सिम मिळालं.

भाऊंनी मला तेव्हा काही सुनावलं नाही. मी सांगितलं होतं, असं एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी नमुन्यांना गेले, चुलीपाशी उभे राहून स्वतःशी बोलले. मला ते सोपं गेलं नाही. सुनावलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं. मी वह्या मागितल्या तर म्हणाले, "रद्दीत घातल्या. दोन टॉवर नवीन झाले, एका टेकाडावरचा साग तोडला. जुनी वही आता खोटं बोलते."

मग आम्ही दोघंच बाहेर उभे होतो. ती मुलगी तेव्हा दोन वर्षांची झाली होती आणि उभी राहत नव्हती. मान उशिरा धरली, डावा हात मुठीतच. तपासणीला मी तिला दर महिन्याला पाहत होते. डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, असं एका कारणानं होत नसतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी भाऊंना विचारलं, "तो सव्वा तास. त्यानं फरक पडला असता का?"

ते म्हणाले, "ते मले नाई सांगता येत. पण तुमी पोरीच्या जन्माच्या कार्डावर पाच मिनिटानं रडली लिहिलं. पोरगी नवव्या मिनिटाले रडली."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुमीच विचारलं होतं गाडीत मागून, किती मिनिटं झाले. मी घड्याळ पाहत होतो, सांगायचं म्हणून. तुमी परत विचारलंच नाई."

मी असं विचारलं होतं, हे मला आठवत नाही. पाच मात्र मी लिहिलं होतं, हे आठवतं. त्या दिवशी संध्याकाळी कार्ड भरताना मी क्षणभर थांबले होते, आणि पाच लिहिलं होतं. नऊ लिहिलं असतं तर त्या लेकराला पहिल्या महिन्यातच जिल्ह्याच्या तपासणीत घ्यावं लागलं असतं. पाचवर कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावाला गेले. भाऊ सकाळच्या गाडीनं बल्लारपूरला गेले होते. ती बाई अंगणात मोह वाळत घालत होती, मुलगी पोत्यावर बसलेली, पाठीला उशी. मी कार्ड मागितलं. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. मी पाचावर रेघ मारली, नऊ लिहिलं, खाली सही केली.

"काय लिवलं मॅडम?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं; गाडीचं, दहापर्यंत थांबल्याचं, पाच आणि नऊचं. ती ऐकत होती. मधे मुलगी कलंडली, तिला तिनं सरळ बसवलं.

"मंग आता हे कोनाले दाखवू?"

"जिल्ह्याच्या दवाखान्यात. लहान मुलांचे वेगळे डॉक्टर आहेत तिथे, हाता-पायाचा व्यायाम शिकवतात. मंगळवारी जायचं. मी सोबत येते."

ती उठली, आत गेली आणि फोन घेऊन आली. "तुमचा नंबर देऊन ठेवा. निघालो का फोन करतो."

"फोन करू नको," मी म्हटलं. "सात वाजता गाडी दारात उभी राहील."